साठ जणी आणि एक बिल्ला

सोमवार, १० जून

आज पुन्हा तेच! गोळ्यांची पाकिटं भरायला हॉलमध्ये आम्ही साठ बायका, आणि संडासला जायचा बिल्ला एक. सुपरवायझरबाईंच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेला. जी जाईल तिने गळ्यात घालायचा, ती येईपर्यंत बाकीच्यांनी धरून बसायचं. माझ्या शेजारी बसते ती धाकटी — हॉलमधली सगळ्यांत लहान, सातवा महिना चाललाय तिला — दोनदा उठली, दोन्ही वेळा खिळा रिकामा. मग उठलीच नाही, बसल्याजागी रडायला लागली. माझं डोकंच फिरलं.

मंगळवार, ११ जून

घरी विषय काढला. सासूबाईंनी त्याच हॉलमध्ये जन्म काढला, मला चिकटवलं तेही त्यांनीच. वाटलं, बाजू घेतील. कुठलं काय! "बिल्ला आहे ना? मग कशाला बोंबलतेस?" आणि ताटावरून उठल्या. नवरा म्हणतो, "आता लघवीसाठी क्रांती करणार का?"

करणार! कंपनीने माझे हात आठ तास विकत घेतलेत. पोटातलं पाणी त्या सौद्यात कधी आलं? आमच्याकडून मिनिटं पिळून काढायची आणि वर त्याला शिस्त म्हणायचं! नफा नफा म्हणतात तो आणखी कुठून येतो? आभाळातून पडतो?

गुरुवार, १३ जून

ठरलं. उद्या दहाचा भोंगा झाला की सगळ्यांनी एकदम उठायचं. बिल्ल्याकडे बघायचंसुद्धा नाही. डबे खाताना सगळ्या हो म्हणाल्या.

शुक्रवार, १४ जून

उठलो चौघी. साठांतल्या चौघी! बाकीच्यांच्या माना खाली. धाकटी मात्र पोट सांभाळत सगळ्यांच्या पुढे. बिल्ला लटकत राहिला आणि आम्ही त्याच्या समोरून गेलो. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

परत आलो तर मॅनेजर उभे. "सोमवारी सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर गेटबाहेर." फक्त मला. मी पुढारी ना!

शनिवार, १५ जून

नवरा आता हसत नाही. "माफी मागितली तर काय अंगाला भोकं पडतात?" घरभाडं दोघांच्या पगारातून जातं, मला काय कळत नाही? भीती वाटतेच. पण तोंडातून तो शब्द निघायचा नाही. सासूबाईंनी अबोला धरलाय.

रविवार, १६ जून

धाकटी येऊन गेली. म्हणे, "ताई, तुम्ही बाहेर तर मीपण बाहेर." तिला खूप रागावले. मग जवळ घेतलं.

सोमवार, १७ जून

नाही मागितली! म्हटलं, "माझं काय चुकलं ते सांगा, मग मागते." मॅनेजरांनी गेटकडे बोट दाखवलं. कुणी हूं की चूं केलं नाही. एकटीच निघाले — गेटपाशी पोचते तोवर मागून धाकटी. ऐकेल तर शपथ! रस्त्यावर दोघी हसत सुटलो, कशाला कोण जाणे. उद्यापासून गेटवर बसणार.

मंगळवार, १८ जून

सकाळी निघाले तर सासूबाई चपला घालून दारात. "आमच्या वेळी जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठायलाच बंदी होती. तो बिल्ला आम्ही भांडून मिळवलाय. गेटवर बसून. मीच होते पुढे. तू त्याला नावं ठेवलीस, ते लागलं मला." मग म्हणाल्या, "बिल्ला मिळाला आणि आम्ही नाचत आत गेलो. तू एवढ्यात आत जाऊ नकोस. चल."