हरिओमच्या लग्नाचा भटारखाना

तीर्थस्वरूप मामा आणि मामी,

थोरल्या जावयाचा तुम्हा दोघांच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (थोरला हा शब्द मुद्दाम लिहिला. धर्माबादेत हल्ली त्याचा विसर पडून राहिला, असं कानावर आलंय.) मामा, तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नका. मामींनी साखर तपासली का, आणि तपासली असेल तर त्यानंतर जिलेबी सोडली का? हरिओमला त्याच्या दाजींचा आशीर्वाद. लग्न ठरल्यापासून पोरगं माझा फोन उचलत नाही, ते चालायचंच. इकडं आम्ही खुशाल. शाळेत माझं भूगोल शिकवणं चालू आहे, थंडीमुळं मुलांना वर्गाबाहेर उन्हात बसवावं लागतं. तनुजा मजेत आहे. फारच मजेत आहे, इतकी की मला कधीकधी संशय येतो. पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल, पण फोनवर तुम्ही दोनदा "हाव, हाव" म्हणता आणि मामींना फोन देऊन टाकता, आणि मामी थेट धाकट्या लेकीच्या, राजकन्येच्या, नवऱ्याचं कौतुक सुरू करतात. कागदावर मला मधेच कुणी तोडू शकत नाही, म्हणून पत्र.

पहिलंच सांगून टाकतो, की हरिओमच्या लग्नाचा भटारखाना तुम्ही धाकट्या जावयाकडं, म्हणजे शिवशंकरकडं देणार आहात, याचं मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही. दिवाळीला चारचौघांत, मी समोर करंजी खात बसलेलो असताना, तुम्ही म्हणालात, "औंदा शिवशंकरला विचारू, त्याला खाण्यातलं लई कळतंय." मी ती करंजी पूर्ण खाल्ली. वाईट वाटलं असतं तर खाल्ली असती का? (दुसरी घेतली नाही, हे मात्र खरं.) आजवर तुमच्या घरातल्या प्रत्येक कार्यात आचारी मी ठरवला, बासुंदीचं दूध मी हलवून बघितलं, चुलीचा धूर मी खाल्ला. राजकन्येच्या लग्नात पाटावर बसून वरणावर तुपाची धार धरून घेणारा नवरदेव तो हाच शिवशंकर, आणि त्या वरणाला फोडणी नीट बसली का हे बघायला पातेल्यावर वाकलेला माणूस मी. माझ्या भुवया जळाल्या होत्या. फोटोत बघा, अल्बम तुमच्याकडंच आहे. तेव्हा त्याला खाण्यातलं जे काही कळतं ते कुणाच्या वरणामुळं, ते तुम्हीच ठरवा. मी काही म्हणत नाही.

आता हा गृहस्थ मूळचा लातूरचा. दोन वर्षांखाली बदली होऊन नांदेडला आला. नव्या गावात आल्यावर माणसानं घर लावावं, गॅसचं बघावं. यानं मोबाइल काढला आणि इथल्या हॉटेलांत हिंडून व्हिडिओ करायला लागला. तुम्ही ते बघता हे मला ठाऊक आहे (गुडघ्याला शेक घेताना बघता, असं मामींनीच सांगितलं), पण कधी नीट बघितलंय का? एक घास घेतो, डोळे मिटतो, मान हलवतो आणि म्हणतो, "विषय हार्ड." वजिराबादेतल्या भज्यांना विषय हार्ड, जुन्या मोंढ्यातल्या कढीला विषय हार्ड, परवा तर एका टपरीवरच्या माठातल्या पाण्याला म्हणाला. एवढ्या दोन शब्दांच्या विद्वत्तेवर हजारो लोक त्याच्या मागं. मी किनवटहून या गावात आलो तेव्हापासून कुठल्या गाड्यावरचं तेल कधी बदलतात, कुठल्या खानावळीत गुरुवारचं पिठलं चांगलं असतं, सगळं मला पाठ. शाळेत पाहुणे आले, की मुख्याध्यापक आधी माझ्याकडं बघायचे. आणि आता आमचे शिपाई मलप्पा मला व्हरांड्यात अडवून म्हणतात, "सर, तुमच्या साडूला विचारा की, थालीपीठ कुठं चांगलं भेटतंय." मला माहीत होतं कुठं भेटतंय. मी सांगितलं नाही.

म्हणून, केवळ खऱ्याखोट्याचा निवाडा व्हावा यासाठी, मी त्यानं दाखवलेलं एकेक ठिकाण स्वतः खाऊन तपासायचं ठरवलं. एकट्यानं खोट काढली तर लोक म्हणतील जळतोय, तेव्हा तनुजाला साक्षीदार म्हणून न्यायला लागलो. (पूर्वी मी मित्रांसोबत जायचो आणि येताना तिच्यासाठी पार्सल आणायचो. पार्सलमधली भजी मऊ पडतात अशी तिची तक्रार असायची, पण घरात तेवढी तक्रार चालायचीच.) आता दर रविवारी आमची तपासणी असते. सकाळी सुशीला खाल्लं, जे आपण जन्मापासून खात आलोय, पण ते त्यानं असं दाखवलं होतं, जसे काही मुरमुरे यानंच पहिल्यांदा भिजवले. दुपारी ताट, संध्याकाळी कुठंतरी बासुंदी. निष्कर्ष सांगायला जड जातं. सुशीलात खोट सापडली नाही. ताटात सापडली नाही. ज्या ढाब्यावर वांग्याची भाजी बिघडलेली असणार अशी माझी खात्री होती, तिथं तनुजानं भाजी दुसऱ्यांदा मागवली. साक्षीदारच फितूर झाल्यावर खटला कसा चालायचा? उलट रविवार उजाडला की ती गजरा माळून, पर्स घेऊन दारात उभी असते आणि विचारते, "आज कुठली खोट काढायची?" मी अजून आशा सोडलेली नाही.

त्यात बचत गटांचा खाद्य महोत्सव आला. मैदानावर मांडव, बायकांचे स्टॉल, स्पीकरवर सनई. परीक्षक कोण? छातीवर लाल फीत लावून शिवशंकर. मी कूपन हातात धरून रांगेत. तो ज्या स्टॉलवर जाई तिथं बायका पदर सावरून चमचा पुढं करत, हा डोळे मिटे. मी त्याच्या मागं मागं, दोन स्टॉलांचं अंतर ठेवून, तेच पदार्थ चाखत गेलो. अयोध्याबाई नावाच्या एका बाईंना मी चांगल्या भावनेनं समजावलं, की धपाट्यात ओवा कमी पडलाय आणि पीठही ताजं वाटत नाही. त्या म्हणाल्या, "दादा, परीक्षकानं आत्ताच लई भारी म्हणलं. तुमचं तोंड आलंय का?" मागची रांग हसली. तेवढ्यात शिवशंकरचं माझ्याकडं लक्ष गेलं आणि त्यानं माइकवरून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमचे दाजी आलेत, त्यांना खुर्ची द्या." खुर्ची दिली. वर पाणी दिलं. मामा, हा अपमान मी अजून गिळलेला नाही.

मग मात्र मी मनाशी म्हटलं, हा आमच्या नांदेडात येऊन आम्हाला नांदेड दाखवतो, तर आपण त्याच्या लातुरात जाऊन लातूर का दाखवू नये? मोबाइल अडकवायची काठी आणली, आरशासमोर सराव केला. (मी "विषय हार्ड" म्हणणार नव्हतो. "चव उत्तम, मीठ प्रमाणात" असं म्हणणार होतो.) गंजगोलाईत नाष्टा, दुपारी निलंगा राईस, परतताना औसा रोडला चहा, असा सगळा बेत आखून शाळेत रजा टाकली. शिवशंकर सुट्टी घेऊन गावाकडं गेलाय एवढं तनुजाकडून कळलं होतं. मला वाटलं, आता तो शेतात अडकला, म्हणजे शहराचं मैदान मोकळं. निघताना तनुजा (साक्षीदार म्हणून तीही सोबत होतीच) म्हणाली, "आज अमावस्या हाय." मी सांगितलं, भूगोलाच्या माणसाला अमावस्या म्हणजे चंद्राची एक अवस्था, दुसरं काही नाही. ती गप बसली. ती गप बसली तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

मामा, मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे लातूरकरांची येळवस. तुमच्या धर्माबादेत नाही, आमच्या किनवटला नाही, पण लातुरात त्या दिवशी झाडून सगळं गाव शेतात जेवायला जातं. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही, दरवर्षी ऐकतो. पण ती आज आहे हे ध्यानात आलं थेट गंजगोलाईत उभं राहिल्यावर. एरवी जिथं पाय ठेवायला जागा नसते तिथं भर रस्त्यात एक गाय रवंथ करत बसली होती. एकूण एक शटर खाली. हॉटेल बंद, टपरी बंद, रसवंती बंद. तरी मी धीर न सोडता काठी उंच धरून "नमस्कार, आज आपण लातूरची खाद्यसंस्कृती" इथपर्यंत आलो, तोच मागून तनुजा म्हणाली, "कुलपाची चव सांगा." सकाळपासून पोटात काही नव्हतं. एक रिक्षा आली, आत म्हातारी, सूनबाई आणि मांडीवर मडकी. रिक्षावाला थांबून म्हणाला, "पाव्हणं, आज हितं काय भेटत नसतंय. बसा, आमच्या शेतात चला." ओळख ना पाळख. मी स्वाभिमानानं नको म्हणालो. रिक्षा गेली आणि मी वळून बघतो तर तनुजा पाठमोरी होऊन राजकन्येशी फोनवर बोलून राहिली होती.

शिवशंकर स्वतः गाडी घेऊन आला. तुम्ही इथं कसे, काठी कशाला, काही विचारलं नाही. (हेच त्याचं वाईट आहे. एकदा टोमणा मारला असता, तर मला उत्तर तरी देता आलं असतं.) "बरं झालं दाजी आलात, आई सकाळपासून तुमचं नाव घेऊन राहिली," एवढंच म्हणाला. शेतात कडब्याची कोप उभी केलेली, भोवती हरभरा, कडेला तुरी. त्याच्या आईनं, गुणाबाईंनी, मला घोंगडीवर बसवलं आणि पुढ्यात भज्जी वाढली. तुम्ही ती खाल्ली नसेल म्हणून सांगतो. ओले वाल, तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे, मेथी, चुका, शेतात जे जे उगवतं ते सगळं डाळीच्या पिठात शिजवून घट्ट केलेलं. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली ताकाची गार आंबील. मी दोष काढायचा कसून प्रयत्न केला. घास घेतला, नीट कळावं म्हणून डोळे मिटले, आणि तुमच्यापासून काय लपवायचं, माझ्या तोंडून शब्द निघाले ते "विषय हार्ड". शिवशंकर मोबाइल धरून समोर उभाच होता.

त्यानंतर मी फक्त शिष्टाचार म्हणून थोडंसं खाल्लं आणि जरा आडवा झालो. जाग आली तेव्हा कोपीच्या पलीकडं शिवशंकर तनुजाला काहीतरी सांगत होता आणि राजकन्या तोंडाला पदर लावून हसत होती. मी उठलेला बघून तिघंही गप झाले. आपली बायकोसुद्धा तिकडची झाली, हे मी समजून चुकलो. परतताना रस्ताभर मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. ती खिडकीतून बाहेर बघत गाणं गुणगुणत होती.

आता तो व्हिडिओ जिकडंतिकडं फिरतोय. "आमचे दाजी पहिल्यांदाच येळवसला" असं वर लिहिलंय. त्याच्या आजवरच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा तो जास्त लोकांनी बघितला, म्हणजे नाव त्याचं झालं आणि तोंड माझं वापरलं. तो तुमचा शब्द मोडत नाही. तेव्हा त्याला सांगून तो तेवढा काढून टाकायला लावा, एवढ्यासाठीच हे पत्र. बाकी भटारखाना त्याला खुशाल द्या. मी पाहुण्यासारखा येईन, पहिल्या पंगतीला बसेन, वाढाल ते मुकाट्यानं खाईन. माझ्या मनात काही नाही. मामींना जिलेबीपासून लांब ठेवा.

आपला आज्ञाधारक आणि थोरला,
रामकिशन

ता. क. व्हिडिओ काढून टाकायला सांगू नका. आज मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन मुलांसमोर माझा हात हातात घेतला, आणि बाजारात भाजीवालीनं ओळखून कोथिंबिरीची जुडी वर टाकली. त्यात मी तसा बरा दिसतो.

आणखी एक ता. क. मामा, आडून आडून बोलणं मला जमत नाही. भटारखाना मला द्या. दिवाळीपासून मला झोप नाही, नुसती आग होते. देगलूरचा एक चांगला आचारी बघून ठेवलाय, त्याला तारीखही सांगून टाकलीय (हे कुणाला कळू देऊ नका). शिवशंकरला अत्तरदाणी देऊन दारात उभं करा, त्याला गोड बोलता येतं. तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्नात जेवणार नाही. जेवेन, पण भात दुसऱ्यांदा घेणार नाही.

अण्णा, मी तनुजा. पाकीट चिटकवायला माझ्याकडं दिलं म्हणून सगळं वाचलं. शेतात थोडंसं खाल्लं म्हणून लिहिलंय ते खोटं हाय. उंडे मागून मागून घेतले, वर येताना भज्जीचा डबा बांधून आणला अन् एकट्यानं संपिवला. दुसरं म्हणजे, शिवशंकर त्या दिवशी मला कोपीमागं बोलला, की दाजी असताना मी भटारखान्यात पाय ठेवणार न्हाई, असं त्यानं दिवाळीतच तुम्हाला सांगितलंय, अन् तुम्ही हाव म्हणून विसरून गेलात. यांना ते ठाऊक न्हाई. देगलूरच्या आचाऱ्याला मी पक्कं म्हणून निरोप धाडलाय, त्याची काळजी करू नका. पण अण्णा, लग्न होऊन एवढी वर्षं झाली, मला यांनी कधी हॉटेलात नेऊन समोर बसवलं न्हाई. आता दर रविवारी नेऊन राहिले, अन् बिल द्यायच्या आधी मला विचारतात, तुला कसं वाटलं म्हणून. इथल्या श्रीनगर भागातलं तर अजून सगळंच बघायचं राहिलंय. तवा हळदीपर्यंत यांना कायबी कळवू नका. तोवर जळू द्या जरा.