फिन्टनची मिशी

प्रिय फिन्टनास,

लंडनहून विनीताईचे पोटभर आशीर्वाद. खोकला कसा आहे? काळ्या गाईला कालवड झाली का?

तू लिहिलं होतंस, "आपल्या मेयो जिल्ह्यापुढे लंडनची पोरं कसली टिकतायत? दिवसभर भिंतींना गिलावा करायचा नि संध्याकाळी फुटबॉल. एक क्षण जरी पुढे गेली तरी मिशी उतरवीन." तर आता ऐक.

काल आमच्या मैदानावर लंडन-मेयो सामना झाला. मी मनुकांचा पाव रुमालात बांधून नेला होता. मागे बसलेला मेयोवाला म्हणाला, "आजीबाई, बोलणं तर आमच्याकडचं, मग ओरडताय त्यांच्यासाठी?"

मी म्हटलं, "बाळा, ज्याचे मोजे मी धुते, त्याची टीम ती माझी टीम." पाव मात्र त्यालाही दिला. मेला आपल्याच गावचा निघाला.

तेवढ्यात माझ्या लिझीच्या पोराने, डॅराने, चेंडू थेट जाळ्यात मारला. आपल्या गावाकडच्या फुटबॉलात दांड्यावरून गेला तर एक गुण, जाळ्यात गेला की एकदम तीन, आणि आम्ही दोन गुणांनी पुढे. मागचा मेयोवाला पाव चावायचा विसरला.

शेवटी हरलो, एका गुणाने. पण तुझी पैज जिंकण्याची नव्हती, पुढे जाण्याची होती, आणि मध्यंतराचा चहा संपेपर्यंत आम्ही पुढेच होतो. डॅराचा गुडघा सुजलाय, पण काळजी नको, भिंतीला धरून छान चालतो. म्हणतो, "आजी, पुढच्या वेळी त्यांना त्यांच्याच अंगणात हरवू."

मिशीवाल्या भावाला माझं हे शेवटचं पत्र. यापुढे बिनमिशीच्यालाच लिहीन.

तुझी थोरली,
विनी