साहेबांच्या गुडघ्याबद्दल खुलासा

ती. दादांना धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो ते खरंच. अजून सरळ होतोय.)

तुमचा खोकला, वहिनींची पाठ आणि तुमच्या जिन्यातला दिवा, तिघांनाही आता बरं असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे मजेत. कन्या मजेत, तिची आई मजेत. कन्येचे साहेब मात्र, दादा, कसं सांगू, नाहीत.

लगेच हळहळू नका. ते गेले नाहीत, ते कधी नव्हतेच. शनिवारी तुम्ही चिरंजीवांना कडक इस्त्रीचा शर्ट घालून, प्रमाणपत्रांची फाइल काखोटीला मारून, नोकरीसाठी साहेबांच्या पायावर घालायला येताय हे तुमचं पत्र मिळालं आणि त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. (हिचं म्हणणं, जातं. पण चव लागत नाही एवढं तरी खरं.)

पहिल्यापासून सांगतो. गेल्या वर्षी कन्येने चांगली कायमची नोकरी सोडली आणि आमच्या इस्त्रीच्या खोलीत टेबल टाकून स्वतःचं काम सुरू केलं. मिक्सर, पंखे, वॉशिंग मशीन यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते (जी आपण न वाचता फेकतो आणि मग दुकानदाराशी भांडतो) ती ही लिहिते. आज या कंपनीची, उद्या त्या कंपनीची. याला फ्रीलान्सिंग म्हणतात. आता मी तेहतीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेली. दहा वाजून पाच मिनिटं झाली की तिथे नावापुढे लाल शेरा बसायचा. अशा माणसाची लेक अकरा वाजता केस वाळवत वाळवत काम करते, हे तुम्हाला सांगायला माझी जीभ रेटेना. म्हणून तुम्ही फोनवर नवं ऑफिस कसं म्हणून विचारलंत, तेव्हा मी म्हणून गेलो, उत्तम, साहेब फार चांगले आहेत.

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण तुम्ही पडलात चौकस. साहेबांचं वय विचारलंत, मी छप्पन्न ठोकून दिलं. तुमच्या मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला कन्या का आली नाही विचारलंत, तर साहेबांनी रजा नाकारली. त्यावर रागवायचं सोडून, साहेब असावा तर असा, म्हणत तुम्ही त्यांच्या प्रेमातच पडलात! पुढे त्यांच्याशी फोनवर बोलायचा हट्ट धरलात तेव्हा ऐन वेळी मला त्यांचा गुडघा धरवून त्यांना रजेवर पाठवावं लागलं, आणि आठवड्याच्या आत तुमच्याकडून मलमाच्या दोन डब्या हजर. (दुखण्याला उतार पडल्याचं मी कळवलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं, पण त्याबद्दल खाली.)

तुमचं शनिवारचं पत्र आल्यावर सुचलं ते केलं. शेजारच्या निवृत्त गणिताच्या मास्तरांना दोन तास साहेब व्हायची गळ घातली. आधी नाही नाही म्हणाले आणि मग त्यांना असा चेव चढला की विचारू नका. कुठून तरी टाय शोधून काढला. जिन्यात लंगडण्याचा सराव सुरू केला (चढताना उजवा पाय, उतरताना डावा). आणि काल दुपारी, मला न विचारता, तालमीसाठी थेट इस्त्रीच्या खोलीत शिरले आणि कन्येलाच खुर्ची रिकामी करायला सांगितली. वर, आज उशिरा आलात, असंही सुनावलं. ती त्या वेळी एका कंपनीच्या चार अधिकाऱ्यांशी कॉम्प्युटरवर बोलत होती. चौघांनी मास्तरांना पाहिलं. त्यातला एक तर चक्क उठून उभा राहिला.

मग मला सगळं कबूल करावं लागलं. कन्या आधी पोट धरून हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझी लाज वाटते का हो?" दादा, पाचच मिनिटांपूर्वी दाराशी उभं राहून मी ऐकलं होतं, ती त्या चौघांना सांगत होती की तुमच्या तारखेला जमणार नाही, आठवडा जास्त लागेल. आणि ते मुकाट्याने हो म्हणाले. तेहतीस वर्षांत वरच्याला "जमणार नाही" म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि तुमचीही झाली नाही. मला तिचा अभिमान वाटतो. तो मी तिला सांगितला आणि आता तुम्हाला लिहून टाकतो.

तेव्हा शनिवारी जरूर या. साहेब भेटणार नाहीत. मास्तर भेटतील, ते टाय काढायला तयार नाहीत. मला काय बोलायचं ते समोर बोला, फोनवर तुमचा आवाज फाटतो. वहिनींना नमस्कार.

तुमचा, थापा मारून दमलेला,
धाकटा

ता. क. मलम फार गुणाचं आहे. माझा डावा गुडघा आता न कुरकुरता जिना चढतो. संपत आलंय, येताना दोन डब्या आणाव्यात.

ता. क. २. आता खरं काम. पुस्तिकांतली चित्रं कन्या दुसऱ्याकडून काढून घेते. गेले तीन महिने ती कोण काढतंय? तुमचे चिरंजीव. दार लावून परीक्षेचा अभ्यास चाललाय असं तुम्हाला वाटतं, तेव्हा ते मिक्सरचं झाकण काढत असतात, कागदावर. हे तुम्हाला सांगायला त्यांचीही जीभ रेटेना (आपल्या घराण्यात हे चालत आलंय), म्हणून काल फोन करून, काका, तुम्हीच सांगा, म्हणाले. तेव्हा फाइल घरीच ठेवा. त्यांची साहेब माझी कन्या आहे आणि ती त्यांच्यावर खूश आहे. प्रवासभर पोराला बोलू नका, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. ३. सोबत वॉशिंग मशीनची नवी पुस्तिका आहे. पान नऊ उघडा. ओल्या हाताने प्लग उपटणारा आणि ज्याच्यावर लाल फुली मारलीय तो मी, चष्म्यावरून ओळखाल. शेजारच्या चित्राखाली "योग्य पद्धत" असं लिहिलंय. तिथे ताठ उभा असलेला जाड भुवयांचा माणूस जरा नीट पाहा. मी या तीन महिन्यांतल्या सगळ्या पुस्तिका काढून तपासल्या. योग्य पद्धत दाखवायची असली की पोरगं दर वेळी तुम्हालाच काढतं.