पोर्तो येथील घर: हरकतींची मुदत पंधरा दिवस

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.
कन्या महेश्वरी पोर्तुगालमध्ये, पोर्तो येथे घर घेत आहे. दस्तात माझेही नाव घालणार; म्हणजे मी तेथे पाहुणा नव्हे, मालक म्हणून राहीन. दस्त २० तारखेस. संकल्प: मालकीत सुईच्या अग्राएवढीही फट राहू द्यायची नाही. एकेचाळीस वर्षे व्याकरण शिकविले आहे. कायदा म्हणजे तरी काय, वाक्यरचनाच.

४ नोव्हेंबर.
तीस वर्षांचा शोध अहवाल आणि चतुःसीमा मागितल्या. महेश्वरी म्हणाली, अप्पा, वकील आपली आहे, विकणाऱ्याची नाही. नोंदवहीत घरावर बोजा नाही. पैसे सहीच्या वेळीच द्यायचे. एका दिवसात झाले. इतक्या सुलभतेने झालेल्या कामावर माझा विश्वास नाही.
वकीलबाईंचा फॉर्म भरून पाठविला. वैवाहिक स्थिती: विवाहित. (सौ. महानंदा श्रावणात लिंगैक्य झाली. तथापि विवाह झाला होता, ही वस्तुस्थिती आहे.)

५ नोव्हेंबर.
स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस दिली. "पोर्तो येथील सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क वा वारसा असल्यास पंधरा दिवसांत शुक्रवार पेठ, सोलापूर येथे समक्ष येऊन हरकत नोंदवावी. मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही." निर्दोष मजकूर. दोनदा मोठ्याने वाचला. स्वयंपाकघरातून प्रतिक्रिया नाही.

७ नोव्हेंबर.
शेजारच्या शिवबाई कडक भाकरी घेऊन आल्या. म्हणाल्या, गुरुजी, तिकडच्या घराला हितं कोण हरकत घेणार हाय? गोरा माणूस शुक्रवार पेठंत येतोय व्हय? मी कायद्याची पद्धत समजावली. मग ओट्याकडे बघत म्हणाल्या, चहा दोन कप कशाला की? मी म्हणालो, पाहुण्यांसाठी. कोण आलंय, असे त्यांनी विचारले. प्रश्न अप्रस्तुत होता.

१० नोव्हेंबर. दुपारी ४.
मागच्या दाराशी बांगड्या वाजल्या. पाहिले, कोणी नाही. महानंदा नेहमी मागच्या दारानेच येई. पुढच्या दारातून यायचे ते माहेरच्यांनी, असे तिचे मत होते. नोटिशीत दाराचा उल्लेख राहून गेला. ही त्रुटी माझी. उद्यापासून मागचे दार उघडे ठेवावे.

१२ नोव्हेंबर.
व्हिडिओ कॉल. वकीलबाईंचे म्हणणे: खरेदीदार विवाहित असेल, तर पत्नीचीही कागदपत्रे लागतील. महेश्वरी म्हणाली, अप्पा, मी इकडं सगळ्या फटी बुजवतेय आणि तुम्हीच भगदाड पाडताय. खोटं लिहिलं तर उद्या आपलीच मालकी अडकेल. १९ पर्यंत आईच्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटो पाठवा, नाहीतर दस्त माझ्या एकटीच्या नावाने होईल.
मी म्हणालो, सरकारी कागद तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये. मग तिने विचारले, तुम्ही आईला अजून चहा ठेवता का?
नेटवर्क खराब आहे असे सांगून कॉल बंद केला. नेटवर्क उत्तम होते.

१५ नोव्हेंबर.
दाखल्याचे पाकीट आश्विनापासून कपाटावर आहे. उघडलेले नाही. चष्म्याचा नंबर बदलला असावा. प्रथम तो तपासून घेणे.

१८ नोव्हेंबर.
डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मते नंबर तोच. दुसऱ्याचे मत घ्यावे.
मागच्या दाराशी पुन्हा तोच आवाज. या वेळी उठलो नाही. आपण उठलो की थांबतो.

१९ नोव्हेंबर.
पाकीट हातात घेतले. खाली ठेवले. घाईत पाठविलेला कागद धोक्याचा असतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सायंकाळी ७.
दस्त झाला. महेश्वरी एकटी मालक. ती म्हणाली, अप्पा, खोली तुमचीच आहे, खिडकीतून नदी दिसते. मी अभिनंदन केले. मालकी आता पूर्ण सुरक्षित आहे, कारण तीत मी नाही.
नंतर पाकीट उघडले. नाव, वय, दिनांक, वेळ तपासली. कुठे तरी चुकले असेल, अशी आशा होती. सर्व बरोबर आहे.
नोटिशीची मुदतही आज संपली. सकाळपासून दोन्ही दारे उघडी ठेवून बसलो होतो. आलेल्या हरकती: निरंक.
मागच्या दाराला कडी घातली.
मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही, हे वाक्य मीच लिहिले होते.
कडी काढली.