संध्याकाळचा भाग सकाळीच

४ जानेवारी
आज पुन्हा! मालिका सुरू असताना मी म्हटलं, "आता वकील उलटणार बघा" — आणि उलटला. संक्रांतीसाठी सकिनालूंची, तांदळाच्या चकल्यांची, कडी वळणाऱ्या सगळ्या बायकांचे हात थांबले. शेजारची राजव्वा अत्तम्मांना म्हणाली, "अगं, तुझ्या सुनेच्या जिभेवर देवी बसलीय!"

कसली देवी! टीव्हीवर संध्याकाळी लागणारा भाग मोबाइलवर सकाळीच येतो. दूध तापेपर्यंत मी बघून मोकळी होते.

७ जानेवारी
बंद करायला हवं. पण हे दुबईला गेल्यापासून करीमनगरच्या या घरात मला कुणी साधं मीठ बरोबर आहे का, एवढंही विचारत नव्हतं. आता अत्तम्मा मला शेजारी बसवून घेतात. सोडवत नाही. लाज वाटते, तरी सोडवत नाही.

१० जानेवारी
नणंदेला, हारिकाला, सिद्दिपेटचं स्थळ आलंय. अत्तम्मांच्या भावानेच, मामांनीच, आणलंय. मंडळी बघून गेल्यापासून पोरगी आरशापुढून हलत नाही.

आणि अत्तम्मा मामांच्या देखत म्हणाल्या, "मौनिका, तूच सांग. तुझं कधी चुकत नाही. घर कसं निघेल?"

हसण्यावारी न्यायचं की नाही? मी चक्क डोळे मिटले! मुलाची आई मालिकेतल्या सासूसारखी तिरकी हसली होती — तेवढ्यावर बोलून गेले, "नको वाटतं. रडेल तिथे."

११ जानेवारी
स्थळ मोडलं. हारिका जेवली नाही. दाराआडून एवढंच म्हणाली, "वहिनी, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

१२ जानेवारी
शी! माझी मलाच किळस येते.

१३ जानेवारी
उद्या सांगणार. काय व्हायचं ते होवो.

१४ जानेवारी, भोगी
सांगितलं. अत्तम्मांचे पाय धरले. म्हटलं, मामांना फोन करा, अजून वेळ गेलेली नाही.

त्यांनी उशाचा स्वतःचा मोबाइल पुढे केला. आजचा भाग निम्मा बघून झाला होता!

"दसऱ्यापासून बघतेय. पोराने दुबईहून फोनवर सगळं समजावलं. मला त्या घरात मुलगी द्यायचीच नव्हती गं. पण भावाला तोंडावर नाही कसं म्हणू? देवीवर कोण रागावतं?"

आतून हारिकाचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

"ये, उरलेला दोघी बघू," म्हणत त्यांनी सरकून पलंगावर जागा केली.

मी बसले.