तिसरी फळी

तीर्थरूप काका,

आईशी लग्न करून तुम्ही या घरात आलात, तेव्हापासून मी तुम्हाला काकाच म्हणते आणि कामापुरतंच बोलते.

आपल्या छोट्या गाडीला ओढता येईल असं हलकं फिरतं घर मी तुम्हा दोघांसाठी आखलं होतं. भिंती फोमच्या, त्यांवर गोंदाने चिकटवलेलं कॅनव्हासचं कापड, वरून रंग. आई म्हणाली, "घर बांधताय की उशी?"

झोपायच्या फळ्या मात्र तुम्ही तीन कापल्यात.

"मोजमाप चुकलंय," मी म्हटलं. "वजन वाढेल."

"चुकलं नाही. माणसं तीन आहेत. हवं तर मी माझं पोट कमी करतो. येशील ना?"

"सुट्टी मिळाली तर बघू."

मग मी आराखड्यातलं कपाट काढून टाकलं आणि वजन जुळवलं. माझ्या फळीवर चिकटवलेल्या कापडाच्या सुरकुत्या तुम्ही तळहाताने एकेक करून बाहेर सारत होतात. मी पाहत होते.

तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, इतर मोठ्यांना तीर्थस्वरूप, असं शाळेत शिकवलं होतं. वरचा मायना चुकलेला नाही.

हे पत्र तुमच्या हातात देणं मला जमणार नाही. सुट्टी मात्र मी कालच घेतली.

तुमची मुलगी