दाराशी नाव

३ डिसेंबर २०१३, कळंबोली
...तर आईला तेच सांगितलं, की हॉस्टेलपेक्षा ही रूम भारी आहे. खिडकीखालीच हायवे! ट्रकच्या धुरातले बारीक कण रक्त आणि मेंदूमधलं कुंपण ओलांडतात का, आठवणींवर परिणाम होतो का, असा माझा प्रोजेक्ट. घरमालक कमळाकरकाका वीस वर्षं पुलाखाली पंक्चर काढतायत. परफेक्ट सॅम्पल. रोज त्यांची मेमरी टेस्ट घेणार. संध्याकाळी सोनाबाईकाकू त्यांना दारातच अडवतात, लग्नातल्यासारखं. नाव घ्या, नायतर पुलाखालीच झोपा, म्हणाल्या. काकांनी लगेच घेतलं, "टायरमदी भरतो हवा, सोनाबायचा रुसवा रोज नवा." सो क्यूट.

७ डिसेंबर
खिडकीत लावलेला पांढरा फिल्टर चार दिवसांत काळा. आणि काकांचा स्कोअर? वीसपैकी एकोणीस. प्रोजेक्टचे सर म्हणतात, सॅम्पल बदल. वैताग नुसता. काकू दिवसभर खिडकीत कोळंबी सोलत बसतात, मी शेजारी बसून डेटा भरते. खिडकी लावूया म्हटलं तर हसल्या. आमी चुलीच्या धुरात वाढलो, तू काय सांगतेस.

१२ डिसेंबर
काका परत एकोणीस. मी जाम चिडले. टेस्ट संपल्यावर सहज विचारलं, हे नाव घेणं लग्नापासूनच का? नाही म्हणाले, दोन वर्षं झाली. मग काकू आत गेल्याचं बघून हळूच म्हणाले, "तिला सोताचं नाव आठवत नाय, पोरी. इचारायला लाजते. म्हून मी उखान्यात सांगतो."
नऊ दिवस. नऊ दिवस मी चुकीच्या माणसाची टेस्ट घेत होते.

१३ डिसेंबर
काकूंची टेस्ट घेतली. वीसपैकी चार. सरांना तीनदा फोन केला. एकीवरून काही सिद्ध होत नाही म्हणे, वयामुळे असेल. ऐकूनच घेत नाहीत. रागारागात तीच टेस्ट स्वतःला लावली.
अकरा.
चुकलं असेल. परत घेतली— नऊ.

१५? संध्याकाळ
काका गव्हाणला, बहिणीकडे. उद्या येतील. मी दूध घेऊन आले तर काकू दारात उभी. हात आडवा. म्हणते नाव घे. डोळ्यांत पाणी आलंय तिच्या, चेष्टा नाही करत ती—
घेते ना. रोज ऐकलंय. काकू. पुढे? काकू नाही, नाव—
जिन्यात बसून लिहितेय. ती अजून वाट बघतेय. मी फक्त बावीसची आहे, मला वयामुळे कसं होईल? तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटतं, हे हवेमु—